मेरीपोर्टच्या वेद्या आणि आमचा एक चुकलेला पाठ

मास्तरकी करणाऱ्या मनुष्यास स्वतःची चूक कबूल करणें किती जड जातें, हें ज्यांच्या घरांत कोणी शिक्षक आहे त्यांस सांगावयास नको. आम्हीं पस्तीस वर्षें खडू हातांत धरला. त्या अवधींत चुका पुष्कळ झाल्या असतील. पण एक अशी आहे कीं तिची आठवण झाली म्हणजे अजूनहि मान खालीं जाते. ती रघुवंशांतील एखाद्या श्लोकाच्या अन्वयाची नव्हे, शुद्धलेखनाचीहि नव्हे. ती आहे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील एका लहानशा रोमन ठाण्यासंबंधीं. त्या ठाण्याचा आणि आमचा संबंध काय, असें वाचक विचारतील. तो पुढें येईलच. आधीं ठाण्याची ओळख करून घेऊं.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामध्यें पश्चिमेकडून समुद्राचा एक फांटा जमिनींत घुसलेला आहे. त्यास सॉल्वेची खाडी म्हणतात. या खाडीच्या दक्षिण तीरावर, एलन नांवाच्या नदीच्या मुखाशीं, मेरीपोर्ट हें बंदर आहे. गांव तसें अलीकडचें. १७४९ सालीं हंफ्री सेनहाउस नांवाच्या तेथील जमीनदारानें तें वसविलें आणि आपल्या पत्नीचें, मेरीचें, नांव त्यास दिलें. परंतु गांवाच्या उत्तरेस, समुद्राकडे तुटलेल्या कड्यावर, गवतानें झांकलेला जो चौकोनी उंचवटा दिसतो तो गांवाहून सोळाशें वर्षांनीं वडील आहे. तेंच हें रोमन ठाणें. रोमन लोक त्यास अलाउना म्हणत असत असें विद्वान् मानतात, आणि एलन या नदीच्या नांवांत तोच शब्द झिजून राहिला आहे. राज्यें जातात, भाषा जातात, पण नद्यांचीं नांवें सहसा जात नाहींत.

हेड्रियन बादशहा इ.स. १२२ मध्यें ब्रिटनांत आला आणि त्यानें उत्तरेकडील लोकांपासून आपला मुलूख अलग करण्यासाठीं समुद्रापासून समुद्रापर्यंत भिंत घालण्यास आरंभ केला, हें शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस ठाऊक असतें. ही भिंत ऐंशीं रोमन मैल, म्हणजे सुमारें ११७ किलोमीटर, लांब आहे. पश्चिमेस ती बोनेस या ठिकाणीं खाडीला टेकते आणि तेथें संपते. पुस्तकेंहि बहुधा तेथेंच संपतात. सरहद्द मात्र तेथें संपत नव्हती. खाडीचें पाणी हें कांहीं शत्रूला अडविणारें पाणी नव्हे; पलीकडच्या तीरावरून होडींत बसून निघालेला मनुष्य भिंतीला वळसा घालून तिच्या पाठीमागें सुखानें उतरूं शकतो. म्हणून रोमनांनीं भिंत थांबविली, पण पहारा थांबविला नाहीं. किनाऱ्याकिनाऱ्यानें प्रत्येक रोमन मैलावर एक चौकी, दोन चौक्यांच्या मध्यें दोन टेहळणीचे मनोरे, आणि कांहीं मैलांवर एखादें मोठें ठाणें, अशी सांखळी त्यांनीं खालपर्यंत नेली. चौक्या माती व गवताचीं ढेंपें रचून उभारलेल्या असत, मनोरे दगडी. आजचे संशोधक बोनेसपासून या चौक्यांना अनुक्रमांक देतात. मेरीपोर्टच्या उत्तरेस स्वार्दी हिल या टेकडीवर एकविसाव्या क्रमांकाची चौकी आहे. ती १९९०-९१ सालीं उकरली गेली. चारसहा खाटा मावतील एवढ्या खोल्या, मधून एक वाट, आणि समोर वारा व समुद्र. एवढ्यांत पहाऱ्याचे शिपाई आपले दिवस काढीत.

मेरीपोर्ट हें या सांखळींतील मोठें ठाणें. मोठें म्हणजे या किनाऱ्याच्या मानानें. तटासकट सारें आवार सहा एकरांच्या आंतबाहेर. आपल्याकडील एखाद्या बऱ्यापैकी वतनदाराच्या आंबराईएवढेंच म्हणा ना. त्यांत पांचशें ते हजार माणसांचें एक पथक राही. आणि ठाणें हेड्रियनपासून इ.स. ४०० च्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळ जवळ पावणेतीनशें वर्षें, वापरांत होतें. तटाबाहेर ईशान्येकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा वस्ती होती. तिची घरें आज दिसत नाहींत. पण जमिनीच्या पोटांतील चुंबकीय फरक मोजून, कुदळ न लावतां, त्या घरांचे व रस्त्यांचे नकाशे अलीकडे काढण्यांत आले आहेत. ठाण्याच्या मानानें ही वस्ती बरीच मोठी निघाली. असो.

या ठाण्याची कीर्ति त्याच्या तटामुळें नाहीं. ती आहे त्याच्या दगडांमुळें, आणि ते दगड जपून ठेवणाऱ्या एका घराण्यामुळें. सेनहाउस घराण्यांतील जॉन सेनहाउस यानें इ.स. १५७० च्या सुमारास आपल्या शेतांत सांपडणारे रोमन लेख घरीं आणून ठेवण्यास सुरुवात केली. १५९९ सालीं विल्यम कॅम्डन हा प्रसिद्ध इतिहासकार आपला मित्र रॉबर्ट कॉटन यास घेऊन तेथें आला, तेव्हां त्यास बागेंत मांडलेले हे लेख पाहावयास मिळाले. पुढें पिढ्यानुपिढ्या त्या घरांत हा वारसा चालला. वडिलार्जित जमीन सांभाळणारे घरोघर आढळतात. वडिलांनीं जमविलेले फुटके दगड चारशें वर्षें सांभाळणारें घराणें विरळा. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या पोथ्या आहेत त्यांनीं याचा क्षणभर विचार करावा, एवढेंच आम्ही म्हणूं. हे दगड १९९० पासून गांवांतीलच एका संग्रहालयांत ठेवलेले आहेत. तें संग्रहालयहि गमतीचें आहे: १८८५ सालीं आरमारी स्वयंसेवकांना तोफांचा सराव देण्याकरितां बांधलेल्या इमारतींत तें भरविलें आहे, आणि तेथून ठाणें हांकेच्या अंतरावर.

आतां १८७० सालाकडे येऊं. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत ठाण्यापासून सुमारें तीनशें मीटरवरच्या उंच शेतांत नांगर चालू असतां फाळ एका मोठ्या दगडास अडला. त्या वेळचे मालक, हेहि हंफ्री सेनहाउसच, यांनीं तेथें खणविलें, तेव्हां जमिनींत एकाशेजारीं एक असे कित्येक खड्डे आढळले. आणि त्या खड्ड्यांतून सतरा वेद्या वर आल्या. वेदी म्हणजे येथें विटांची बांधलेली यज्ञवेदी समजूं नये. हा एकाच दगडाचा घडविलेला स्तंभ. उंची साधारण कमरेपासून छातीपर्यंत. माथ्यावर उथळ वाटीसारखा खळगा, त्यांत धूप जाळावयाचा किंवा मद्याची धार सोडावयाची. आणि दर्शनी बाजूस लेख. एकाच जागीं सतरा! हेड्रियनच्या भिंतीचे थोर अभ्यासक कॉलिंगवुड ब्रूस यांनीं या लेखांचा सविस्तर परामर्श घेतला, आणि मेरीपोर्टचें नांव जगभर झालें.

या लेखांविषयीं लिहूं लागलों कीं आमचा हात आंवरत नाहीं, वाचकांनीं क्षमा करावी. बहुतेकांच्या आरंभीं तीनच अक्षरें असतात: आय्, ओ, एम्. म्हणजे ‘योवी ऑप्टिमो मॅक्सिमो’, ‘सर्वोत्तम, सर्वश्रेष्ठ ज्युपिटरास’. हा ज्युपिटर कोण? ज्यांनीं ऋग्वेद चाळला आहे त्यांच्या कानास तो शब्द परका वाटणार नाहीं. ‘द्यौष्पितर्’, आकाशरूपी पिता, हाच तो. दोन्ही शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत, हें भाषाशास्त्रांत शंभर वर्षांहून अधिक काळ निर्विवाद ठरलेलें आहे. वेदांतला द्यौ आपल्याकडे मागें पडला, इंद्र-विष्णु पुढें आले. रोमनांकडे मात्र तोच देवांचा राजा झाला, आणि सॉल्वेच्या थंडगार वाऱ्यांत त्याच्यापुढें धूप जळूं लागला. लेखाच्या शेवटीं पुन्हा चार अक्षरें: वी, एस्, एल्, एम्. त्यांचा अर्थ ‘नवस बोलला होता, तो आनंदानें व योग्य म्हणून फेडला’. आपल्या ताम्रपटांत ‘शुद्ध दिन’ याचें जसें ‘सुदि’ झालें तशीच ही काटकसर. टांकीचा दर अक्षरावर ठरत असेल तर ती कोणास सुचणार नाहीं?

आणि मधल्या ओळींत माणसें! येथील एक अधिकारी मार्कस मीनियस अग्रिपा. त्याच्या चार वेद्या येथें सांपडल्या आहेत. इटलींत कामेरीनुम या त्याच्या गांवीं दुसरा एक शिलालेख आहे, त्यांत त्याचें सारें चरित्र आलें आहे: हेड्रियननें त्यास निवडून ब्रिटनच्या मोहिमेवर पाठविलें, आणि खुद्द बादशहा त्याच्या घरीं पाहुणा म्हणून राहिला होता. पुढें तो ब्रिटनच्या आरमाराचा प्रमुख झाला. दुसरा, सेन्सोरियस कॉर्नेलियानस, फ्रान्सांतील नीम गांवचा. यरुशलेमकडील दहाव्या पलटणींतून इकडे आला. तिसरा आफ्रिकेंतील सिक्का गांवचा. चौथ्याचें नांव कॉर्नेलियस पेरेग्रिनस. तो आजच्या अल्जीरियाच्या किनाऱ्यावरील साल्दी या शहराचा. पेरेग्रिनस या शब्दाचा अर्थच परदेशी. त्याची वेदी कॅम्डनच्या काळींच ठाऊक होती. ती ज्या देवतांना वाहिली आहे त्यांत एक ‘फॉर्च्युना रेडुक्स’, म्हणजे प्रवाशाला सुखरूप घरीं परत आणणारी भाग्यदेवता. दगडाच्या पाठीमागें कोणींतरी दोनच शब्द कोरले आहेत: ‘वोलांटियस, चिरंजीव हो.’ हा वोलांटियस कोण होता, त्याला कोणी आशीर्वाद दिला, याचा पत्ता नाहीं.

अधिकारी असे भूमध्य समुद्राच्या चहूं बाजूंचे, तर पथकें मुळांत उभारलेलीं स्पेनांत, डाल्मेशियांत आणि ऱ्हाइन नदीच्या मुलुखांत. पहिलें हिस्पानी, पहिलें डाल्माती आणि पहिलें बेटासी अशीं तीन पथकें येथें पाळीपाळीनें राहिलीं. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकत्र बांधणारी वस्तु म्हणजे एकच लष्करी शिस्त, एकच भाषा, आणि एकच देव, ज्याच्या नांवानें वर्षाच्या आरंभीं बादशहाच्या क्षेमाची प्रार्थना करावयाची. (पुरवठ्याचाहि एक धागा होता, आणि त्याचें टोंक आपल्याकडे येतें. भिंतीजवळच्या विंडोलांडा या ठाण्यांत शाईनें लिहिलेल्या लांकडी पट्ट्या सांपडल्या आहेत. त्यांतील एका हिशेबांत मिऱ्यांचा उल्लेख आहे. मिरें मलबारचें! स्वयंपाकघरांतील मंडळींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.)

आतां प्रश्न असा कीं एवढ्या आस्थेनें घडविलेल्या वेद्या खड्ड्यांत कां गेल्या? प्रथम लोक म्हणाले, शत्रु चाल करून येत आहे असें पाहून शिपायांनीं देव लपविले. पण १९३९ सालीं वेनहॅम या अभ्यासकानें निराळाच विचार मांडला. वेद्यांवरचीं अक्षरें ताजीं दिसतात, फार वर्षें ऊनपाऊस लागल्याचें चिन्ह नाहीं. तेव्हां प्रतिवर्षीं ३ जानेवारीस कवाइतीच्या मैदानावर नवी वेदी ज्युपिटरला अर्पण करीत असावेत, आणि जुनी वेदी विधिपूर्वक पुरून टाकीत असावेत, असें त्यानें सुचविलें. पुढच्याच वर्षीं, १९४० मध्यें, युफ्रेटिस नदीवरील ड्युरा-युरोपस येथें सांपडलेलें रोमन पथकाचें एक पंचांग प्रसिद्ध झालें. त्यांतहि ३ जानेवारी हा बादशहाच्या क्षेमासाठीं नवस फेडण्याचा व नवे बोलण्याचा दिवस आहे. मग काय! दोन्ही गोष्टी एकमेकींत चपखल बसल्या, आणि ‘दरवर्षीं वेदी पुरण्याचा सोहळा’ पुस्तकापुस्तकांतून चित्रांसह येऊं लागला.

येथें आमचा प्रवेश होतो. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत रोमन ब्रिटनवर एक जुनें इंग्रजी पुस्तक होतें. त्यांत हा सोहळा वाचून आम्हांस जो आनंद झाला तो काय सांगावा! हें तर आपलें विसर्जन! पार्थिव गणपति आणावा, पूजावा, आणि पुढच्या वर्षीं लवकर या म्हणून पाण्यांत सोडावा. तसेच हे रोमन आपला देव मातींत सोडीत. द्यौष्पितर् हा शब्द हातांत होताच, आतां आचारहि मिळाला. भाद्रपदांत आम्हीं गांवच्या वाचनालयांत यावर व्याख्यान दिलें, आणि दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत तेंच पुन्हा सांगितलें. फळ्यावर खड्ड्यांचें चित्र काढलें, त्यांत वेद्या दाखविल्या, आणि आर्यांच्या शाखा कशा एकाच विचारानें वागतात याचें रसाळ विवेचन केलें.

मागच्या बांकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “गुरुजी, वर्षाला एकच वेदी पुरायची तर एका खड्ड्यांत दोन-दोन वेद्या कशा? आणि ज्या खड्ड्यांत नुसतेच दगड आहेत ते खड्डे कशाला खणले?” आम्हीं फळ्याकडे पाहिलें. पुस्तकांतल्या आकृतीवरून आम्हींच तसें चित्र काढलें होतें. क्षणभर थांबून ती पुढें म्हणाली, “आणि मातीचा गणपति विरघळतो म्हणून आपण सोडतों. दगडाचा देव कुणी दरवर्षीं पुरतो का?” वर्ग हंसला. आम्हांस वाटलें, आमच्यावरच हंसला. “गप्प बैस. आधीं ऐकून घ्यावें, मग शंका काढाव्या,” असें म्हणून आम्हीं तिला बसविलें आणि तास संपविला.

त्या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांतहि त्या वेळीं कोणी पुरतें दिलें नव्हतें, पण तो प्रश्न तेथेंहि कोणास सुचत होता. १९९७ सालीं पीटर हिल यांनीं वेद्यांच्या दगडाची पुन्हा तपासणी करून वार्षिक पुरणाच्या कल्पनेवर शंका घेतली. मात्र खरें उत्तर दगडांत नव्हतेंच, तें खड्ड्यांत होतें; आणि खड्ड्यांकडे १८७० सालीं कोणी नीटसें पाहिलें नव्हतें. त्या काळची रीतच तशी. वेदी वर काढावी, लेख उतरून घ्यावा, खड्डा बुजवावा. मातीचा थर कोणता, कडेला काय ठासलें होतें, तळाशीं काय होतें, या गोष्टी टिपण्याजोग्या आहेत असें त्यांस वाटलें नाहीं.

२०११ सालीं न्यूकॅसल विद्यापीठाचे इयन हेन्स आणि त्यांचे सहकारी टोनी विल्मॉट यांनीं संग्रहालयाच्या विश्वस्तांच्या पुढाकारानें तेंच शेत पुन्हा उघडलें. १८७० चे खड्डे त्यांनीं शोधून काढले आणि ते पुन्हा रिकामे केले. पहिल्याच हंगामांत उलगडा झाला. ते खड्डे देव पुरण्यासाठीं खणलेलेच नव्हते. ते होते खांबांचे खड्डे. तेथें कोणे एके काळीं प्रचंड लांकडी खांबांची इमारत उभी केली होती. आणि खांब डळमळूं नये म्हणून त्याच्या बुडाशीं जे दगड ठासले त्यांत या जुन्या वेद्या, त्यांचे तुकडे व इतर धोंडे सरसकट वापरले होते. खांब कुजून मातीस मिळाले. ठासण तेवढी राहिली.

आमच्या पुतण्याची नोकरी इंग्लंडांत आहे. मागें तो मेरीपोर्टला जाऊन आला आणि तेथील एक पुस्तिका त्यानें आम्हांस धाडली. तींत आम्हीं हें वाचलें. तेव्हां आमच्या मागल्या अंगणांत गोठ्याच्या पडवीचें काम चाललें होतें. गडी मेढ उभी करीत होता. त्यानें खड्डा खणला, मेढ उतरविली, आणि भोंवतीं दगड ठासूं लागला. हाताशीं येईल तो दगड. त्यांत आमच्या आजीच्या वेळचा फुटका पाटा होता, जात्याची एक तळी होती. आम्ही पुस्तिका मिटून बराच वेळ तेंच पाहात उभे राहिलों. एका मेढीभोंवतीं चार दगड. कोठें पाटा, कोठें जातें, कोठें नुसताच धोंडा. मुलीचा प्रश्न आठवला. एका खड्ड्यांत दोन वेद्या कां, आणि दुसऱ्यांत नुसतेच दगड कां, याचें उत्तर तो गडी आमच्या डोळ्यांदेखत देत होता, आणि त्यानें रोमचें नांवहि ऐकलेलें नव्हतें.

येथें एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीं तर एक चूक सुधारतांना दुसरी व्हावयाची. ३ जानेवारीचा नवस हा खोटा ठरला नाहीं. ड्युराचें पंचांग जागेवर आहे, आणि एकाच अधिकाऱ्याच्या तीन-चार वेद्या ज्युपिटरच्या नांवानें मिळतात त्यावरून कांहींतरी नियमित अर्पण होत असावें हें आजहि संभवनीय वाटतें. खोटें ठरलें तें पुरणें. वेद्या एखाद्या पूजास्थानीं ओळीनें उभ्या असाव्यात. पुढें काळ पालटला, त्यांचें देवपण सरलें, आणि ज्याला खांब रोवावयाचा होता त्याच्या दृष्टीनें ते चांगले घडीव, जड आणि फुकटचे दगड उरले. अक्षरें ताजीं कां राहिलीं याला विधि लागत नाहीं. आम्हीं शब्द वाचले आणि शब्दांवरून आचार रचला. भोंवतालची माती वाचलीच नाहीं. वेनहॅमकडे निदान सबब होती. त्याच्यापुढें उघडा खड्डा नव्हता, जुनी टिपणें होतीं. त्यावरून त्यानें तर्क केला, आणि तर्क म्हणूनच मांडला. तो निश्चित म्हणून मुलांना सांगणारे आम्ही. त्यांतहि आमच्या घरच्या चालीरीतीशीं तो जुळतो एवढ्याचसाठीं आम्हांस तो खरा वाटला, हें मुख्य.

पुढच्या वर्षाची हकीकत तर अधिकच सुरस आहे. २०१२ च्या उन्हाळ्यांत त्याच शेतांत, १८७० च्या मजुरांची कुदळ जेथें पोंचली नव्हती अशा एका खड्ड्यांत, एक वेदी जशीच्या तशी मिळाली. मूळच्या जागीं, ठासणीच्या दगडांत, तोंड जमिनीकडे करून पडलेली. एकशें बेचाळीस वर्षांनीं त्या शेतानें आणखी एक वेदी दिली, आणि या खेपेस ती कशी पडली होती हें पाहणारे लोक जवळ होते. ती उलटून पाहतां लेख निघाला: ज्युपिटरला, तीतस अत्तियस तुतोर याजकडून, पहिल्या बेटासी पथकाचा तो प्रमुख. हें नांव नवें नव्हतें. त्याचे दुसरे लेख मेरीपोर्टलाच पूर्वीं मिळाले होते. आणि आजच्या ऑस्ट्रियांतील सोल्वा या त्याच्या गांवींहि एक शिलालेख आहे, त्यावरून पुढें त्याला डॅन्यूब नदीवरील पलटणींत बढती मिळाल्याचें कळतें. म्हणजे हा गृहस्थ सुखरूप परत गेला. पेरेग्रिनसचें काय झालें कोणास ठाऊक.

त्यानंतर २०१३ पासून त्याच मंडळींनीं जवळच्या देवळाचें काम हातीं घेतलें. हें देऊळ जोसेफ रॉबिन्सन या स्थानिक गृहस्थांनीं १८८० सालीं प्रथम उकरलें होतें. रोमन जगांतील अभिजात धाटणीच्या ज्ञात देवळांत सर्वांत वायव्येकडचें तें हेंच. त्याविषयीं लिहावयास निराळा लेख लागेल.

आम्हीं त्या मुलीस पत्र लिहिलें. ती आतां नाशिकास एका शाळेंत गणित शिकविते, तिचीं स्वतःचीं मुलें मोठीं झालीं आहेत. पत्ता मिळविण्यास दोन महिने लागले. पत्रांत मेरीपोर्टची सारी हकीकत लिहिली, खांबांची आकृति काढली, आणि ‘तुझा प्रश्न बरोबर होता, आमचें उत्तर चुकलें’ असें स्पष्ट शब्दांत लिहिलें. घरांतील मंडळी म्हणालीं, या वयांत हें कशाला? आमचे धाकटे बंधु तर हंसलेच. पण आम्हीं पत्र टपालांत टाकलें.

उत्तर आलें तें असें. “गुरुजींस सा. न. वि. वि. आपलें पत्र पोंचलें. खरें सांगायचें तर मीं काय विचारलें होतें तें मला आठवत नाहीं. आपण मला ‘गप्प बैस’ म्हणालांत तेवढें आठवतें. आकृति मुलांना वर्गांत दाखविली. त्यांनीं विचारलें आहे कीं तेवढे मोठे खांब लावून ती इमारत कुणी बांधली, आणि तींत कोण राहात होतें?”

इमारत ठाण्याच्या अखेरच्या काळांतील किंवा रोमन गेल्यानंतरची असावी. ती गांवांतील सर्वांत उंच जागीं होती, समुद्रावरून येणाऱ्यास दुरून दिसली असती. कोणी ती एखाद्या स्थानिक नायकाचें सभागृह मानील, कोणी प्रार्थनेची जागा म्हणेल. खणणाऱ्यांनींहि शेवटचा शब्द उच्चारलेला नाहीं. आम्हांस दोन-तीन सुंदर तर्क सुचले, त्यांतील एक तर उपनिषदांतील सभामंडपाशीं छान जुळत होता. तो आम्हीं कागदावर लिहिला, आणि खोडला. मग एवढेंच लिहून पाठविलें कीं, मुलांना सांग, गुरुजींस ठाऊक नाहीं.